मत्तय 18 ची दुसरी पायरी: सोबत कोणाला न्यावं?

जय ख्रिस्त. मदत हवी आहे.

आमच्या घरगुती प्रार्थनासभेतला एक भाऊ गटातल्याच लोकांकडून उसने पैसे घेतो आणि परत देत नाही. दर वेळी कारण वेगळं: मुलाची फी, गाडीचा हप्ता. एका विधवा मावशींनी भिशी लागल्यावर आलेली रक्कम त्याला दिली, ती अडकलीय. त्यांच्या वहीत सगळं तारखेसकट लिहिलेलं आहे, पण त्यांचं नाव पुढे येणार नाही असा शब्द मी दिलाय.

बायबलमधल्या मत्तय 18:15 प्रमाणे आधी मी एकटाच त्याच्याशी बोललो. चिडला नाही, उलट डोळ्यांत पाणी आलं, आम्ही प्रार्थनाही केली. नंतर मात्र सभेला येणं बंद, फोनही उचलत नाही. आता आणखी एकाकडे पैसे मागितल्याचं कळलंय.

पाळकसाहेब त्याचे सख्खे मामा, म्हणून लगेच त्यांच्याकडे जायला मन धजत नाही. बायकोला यातलं काही माहीत नाही. व्हॉट्सअॅप ग्रूपवर विषय काढायचा नाही, हे पक्कं. गलतीकरांस 6:1 सौम्यतेने सावरायला सांगतं, आणि पैशांपेक्षा तो भाऊ आपल्यात राहावा हीच माझी तळमळ आहे.

आता वचन 16: तो ऐकत नसेल तर आणखी एकदोघांना साक्षीदार म्हणून सोबत न्यावं. जुन्या करारातल्या अनुवाद पुस्तकात (19:15) साक्षीदार अपराधाबद्दल साक्ष देणारे आहेत. मग ज्यांचे पैसे अडकलेत त्यांच्यापैकीच कोणाला न्यावं, की यात न गुंतलेल्या, तो मान देईल अशा वडीलधाऱ्याला? आणि मावशींचं नाव न घेता त्यांच्या पैशांबद्दल कसं बोलावं?