फीडबॅक सरासरी ४.३, तरी एफवायची पोरं गायब : सर्व्हे आणि चाचण्यांतून नेमकं काय मोजायचं?

आयक्यूएसी_नवीन
नमस्कार. तालुक्याच्या गावचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय आहे, विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नाही. आयक्यूएसीचं (कॉलेजची अंतर्गत गुणवत्ता समिती) काम यंदा माझ्याकडे आलंय. दर मार्चमध्ये नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) २.७.१ या निकषाच्या, म्हणजे विद्यार्थी समाधान सर्व्हेच्या धर्तीवर २० प्रश्नांचा गूगल फॉर्म भरून घेतला जातो, पाय-चार्ट काढले जातात, सरासरी ५ पैकी ४.३ च्या आसपास येते. सीओ अटेनमेंट (विषयाची ठरवलेली उद्दिष्टं म्हणजे सीओ किती साध्य झाले, त्याची पातळी) जवळपास सगळ्या विषयांत ३ पैकी ३. कागदावर सगळं झकास, पण एफवाय (पहिलं वर्ष) बीएस्सीला प्रवेश घेतलेल्यांपैकी साधारण पाव मुलं एसवायला (दुसऱ्या वर्षाला) दिसत नाहीत.

विचारायचं ते असं : सर्व्हे कधी घ्यावा, काय विचारावं, आणि अंतर्गत चाचणीच्या गुणांशी त्याची सांगड कशी घालावी? हाताशी दोन प्राध्यापक, एक क्लार्क आणि एक्सेल. सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नाहीत.

परीक्षा_विभाग
मॅडम/सर, सर्व्हेला हात लावण्याआधी "पाव मुलं" हा आकडा नीट करून घ्या. भागाकार बरोबर असतो, खालचा आकडा चुकतो.

उदाहरणादाखल धरा : प्रवेश २४०, परीक्षेचा फॉर्म भरला २०५, पेपरला बसले १९६, सगळ्या विषयांत पास ११८. अहवालात निकाल "६० टक्के" लागतो, कारण ११८ ला १९६ ने भागलं. २४० ने भागलं तर ४९. मधली ४४ मुलं कुठल्याच तक्त्यात नसतात, आणि तुमचा प्रश्न नेमका त्यांचाच आहे.

म्हणून पीआरएनची (विद्यापीठाने प्रत्येक मुलाला दिलेला नोंदणी क्रमांक) एक यादी काढा आणि तीच वर्षभर चालवा. रकाने : प्रवेशाची तारीख, परीक्षा फॉर्म, हजर, पहिल्या सत्रात मिळालेले क्रेडिट, एसवायचा प्रवेश. एटीकेटीवर (काही विषय राहिले तरी पुढे जाण्याची सवलत) मूल पुढच्या वर्गात जातं, त्यामुळे नुसता "एसवायला प्रवेश घेतला" हा रकाना फसवा आहे. क्रेडिट बघा. नव्या रचनेत वर्षाला ४० ते ४४, म्हणजे सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. पहिल्या सत्राच्या क्रेडिटपैकी निम्म्याहून कमी पदरात पडलेलं मूल एसवायला दिसलं तरी पुढे अडखळण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक. विज्ञान शाखेत बरीच मुलं फार्मसी, नर्सिंग, कृषीच्या कॅप राउंडची (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची) वाट बघत बीएस्सीला नाव टाकून ठेवतात, नाहीतर 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायची असते. राउंड संपले की दाखला काढून जातात. ही गळती तुमच्या शिकवण्यातली नाही. ती वेगळी मोजली नाही तर उरलेलं चित्र गढूळ होतं. दाखला देताना अर्जावरच "पुढे कुठे जाणार" ही एक ओळ क्लार्कने भरून घ्यावी. सगळ्यात स्वस्त सर्व्हे हाच.

संख्याशास्त्रवाले
वरच्या उत्तराशी शंभर टक्के सहमत. आता सर्व्हेबद्दल.

२.७.१ चा सर्व्हे त्याच्या जागी राहू द्या, तो नॅकसाठी आहे. २० प्रश्न आणि २१ वा सूचनांचा. कॉलेजकडून एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल तेवढी उत्तरं पुरतात. त्यातून संस्थेची ढोबळ प्रतिमा कळते. मार्चमध्ये भरून घेतला की जे डिसेंबरातच गेले ते त्यात नसतात. उरलेले समाधानी असणारच, म्हणून ४.३.

तुम्हाला हवा आहे तो छोटा फॉर्म, वर्ग सुरू झाल्यापासून चौथ्या आठवड्यात. आठ-नऊ प्रश्न, पाच मिनिटं. नियम एकच : ज्या उत्तरावर कॉलेज काही करू शकत नाही, तो प्रश्न काढून टाका. "महाविद्यालयाचे वातावरण अध्ययनास पोषक आहे का?" याचं उत्तर "अंशतः सहमत" आलं तर उद्या सकाळी काय करणार?

त्याऐवजी असं विचारा :

– गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस आला नाहीत? मुख्य कारण एकच निवडा : एसटी नव्हती किंवा चुकली / शेतातलं किंवा घरचं काम / नोकरी / आजारपण / आलो पण तास झाला नाही / समजत नाही म्हणून / इतर
– आठवड्याला किती तास काम करता? (पगारी आणि शेतातलं, दोन्ही धरून)
– बारावीला गणित होतं का?
– दहावी कोणत्या माध्यमातून?
– महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीचा) अर्ज : भरला / भरला पण अडकलाय / भरायचा आहे / लागू नाही / माहीत नाही
– कोणत्या विषयाचा तास सुटल्यावर सगळ्यात कमी समजलेलं असतं?
– पुढच्या जूनमध्ये इथेच असाल का? नसाल तर कुठे?

"आलो पण तास झाला नाही" हा पर्याय काही जणांना झोंबेल. ठेवाच. बारावीच्या गणिताचा प्रश्न साधा दिसतो, पण जीवशास्त्र घेऊन आलेल्या मुलाला फिजिक्सच्या पहिल्याच प्रकरणात कॅल्क्युलस भेटतं, आणि शिक्षक समजतात की बारावीला झालंय.

पर्याय ठरवताना पंचांग बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आणि पहिली अंतर्गत चाचणी एकमेकांवर येतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तुमच्या भागात असतील तर दसरा-दिवाळीनंतर घरची जबाबदारी मुलांवर, त्यातही मुलींवर पडते. चौथ्या आठवड्यात हे दिसणार नाही. तेवढ्यासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतर तीनच प्रश्नांचा दुसरा फॉर्म घ्या.

भाषा मराठी ठेवा, इंग्रजी हवं त्यांना दुसरा फॉर्म. एका प्रश्नात दोन गोष्टी नकोत. "शिक्षकांचे अध्यापन व मूल्यमापन समाधानकारक आहे" याला हो म्हणणारा कशाला हो म्हणतोय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. फॉर्म सोडण्याआधी पाच-सहा मुलांना समोर बसवा, प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "यातून तुला काय विचारलंय?" अर्ध्या तासात निम्मे दोष बाहेर येतात.

भरून घेण्याची पद्धत : व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकू नका. जी मुलं येत नाहीत ती ग्रुपवरही बघत नाहीत. तासाची शेवटची दहा मिनिटं, फळ्यावर क्यूआर कोड, शिक्षक वर्गाबाहेर. फोन नसलेल्यांना कागद. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची यादी काढून टीजीने (मुलांचा ठराविक गट सांभाळणारे शिक्षक) फोनवर विचारायचं, कारण खरं उत्तर त्यांच्याकडे आहे. हॉलतिकिटासाठी सक्ती अजिबात नको. सक्तीच्या फॉर्ममध्ये पोरं "पूर्णतः सहमत"ची सरळ रेघ ओढतात. मार्चच्या जुन्या फाइलमध्येच तपासून बघा : ज्या ओळीत वीसही उत्तरं एकसारखी आहेत अशा किती? त्या वगळून सरासरी पुन्हा काढा.

शंभर उत्तरांवर टक्केवारी सांगताना १० टक्के इकडे-तिकडे धरायचं, तेही मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच. ज्याला वाटलं त्याने भरलं, अशा शंभरांना तोही हिशेब लागू नाही.

केमिस्ट्री_एचओडी
चाचणीबद्दल मी लिहितो. सगळ्यांचं सीओ अटेनमेंट ३ येतं त्याचं कारण सोपं आहे. पातळ्या साधारण अशा ठेवलेल्या असतात : ६० टक्के गुण मिळवणारे वर्गात ५० टक्के असतील तर १, ६० टक्के असतील तर २, ७० टक्के असतील तर ३. अंतर्गत ३० पैकी ६० टक्के म्हणजे १८. आपण कुणाला २२ च्या खाली देतो का? जर्नल, हजेरी, सेमिनार धरून सगळे २४ ते २८. मग ३ येणारच. संलग्न कॉलेजला विद्यापीठाच्या पेपरचे प्रश्नवार गुण मिळत नाहीत, नुसती बेरीज मिळते, आणि तोच आकडा सगळ्या सीओंसमोर चिकटवला जातो. त्यातून कोणता सीओ कच्चा हे कळायचा मार्गच नाही.

प्रश्नवार माहिती फक्त आपल्या स्वतःच्या चाचणीतून मिळते. ती नीट घ्या. २० एमसीक्यू, प्रत्येक प्रश्नासमोर सीओचा क्रमांक आधीच लिहिलेला. जर्नल-हजेरीचे गुण या हिशेबात धरायचे नाहीत.

एक प्रश्न जवळून बघू. "४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून ५०० मिली द्रावण केले. मोलॅरिटी किती?" पर्याय : ०.२, ०.१, ०.०५, ८. रेणुभार ४०, म्हणजे ०.१ मोल, भागिले ०.५ लिटर, उत्तर ०.२. चुकीचे पर्याय उगाच घातलेले नाहीत. ०.१ म्हणणारा मोल काढून थांबला, आकारमानाने भागलंच नाही. ०.०५ म्हणणाऱ्याने भागण्याऐवजी गुणलं. ८ म्हणणाऱ्याने ग्रॅमलाच लिटरने भागलं, मोल ही कल्पनाच पोचलेली नाही.

आता ११२ मुलांच्या उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार लावा. वरची २७ टक्के म्हणजे ३०, खालची ३०. समजा वरच्या ३० मध्ये २५ बरोबर, खालच्या ३० मध्ये ७. सोपेपणा : ३२ भागिले ६० म्हणजे ०.५३. भेदकता, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांना किती वेगळं करतो : (२५ वजा ७) भागिले ३० म्हणजे ०.६. प्रश्न उत्तम. खालच्या गटातल्या २३ चुकांपैकी १६ जणांनी ०.१ निवडलं असेल, तर आख्खं प्रकरण परत शिकवायची गरज नाही. मोलॅरिटी म्हणजे "दर लिटरमागे" एवढ्याच मुद्द्यावर ४० मिनिटांचं ट्युटोरियल घ्या. दोन आठवड्यांनी आकडे बदलून तोच प्रश्न : १०.६ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, २५० मिली द्रावण. उत्तर ०.४. सुधारणा झाली की नाही ते तिथे दिसतं.

भेदकता ०.२ च्या खाली आली तर प्रश्नावर संशय घ्या. उणे आली, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली, तर बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. असा प्रश्न रद्द करून गुण दुरुस्त करा, मुलांना दोष देऊ नका. फार सोप्या प्रश्नालाही भेदकता कमीच येते, तो वगळायची गरज नाही.

टीजी_समुपदेशक
दोन्ही बाजूंचं पटलं, पण एका जागी घोळ होणार आहे. संख्याशास्त्रवाले सर जे प्रश्न सुचवतात त्यावर मदत पोचवायची तर नाव हवं. "समजत नाही म्हणून येत नाही" असं नावानिशी कोण लिहील? आणि "तास झाला नाही" तर नाहीच नाही.

म्हणून फॉर्म दोन करा. गरजांचा फॉर्म पीआरएनसह : प्रवास, काम, माध्यम, गणित, शिष्यवृत्ती, पुढचा बेत. शिकवण्याचा फॉर्म निनावी, आणि त्यात ईमेल गोळा करण्याचं सेटिंग खरोखर बंद ठेवा. गैरहजेरीच्या कारणाचा प्रश्न निनावी फॉर्ममध्येच शोभतो. निनावी फॉर्ममध्ये गाव, जात-प्रवर्ग आणि ऐच्छिक विषय असे तीन रकाने टाकले की एफवायच्या वर्गात मूल ओळखू येतं, मग तो कसला निनावी? ज्या गटात दहापेक्षा कमी उत्तरं, त्याचा आकडा कुठेच छापू नका.

पीआरएनच्या फॉर्मवर वर दोन ओळी हव्यात : ही माहिती कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे, आणि एफवायला जुलैत १७ वर्षांची मुलं असतात. ही संमती प्रवेश अर्जासोबतच घेतलेली बरी. एक्सेलची फाइल स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली तर पुढच्या वर्षी कुणी खरं लिहिणार नाही.

आता सांगड. भारी सूत्र नको. तीन खुणा : पहिल्या महिन्याची हजेरी ६० टक्क्यांखाली, पहिल्या चाचणीत ४० टक्क्यांखाली, शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला किंवा फी थकलेली. ज्याला दोन खुणा, त्याला टीजीने आठवड्याच्या आत भेटायचं. तीन असतील तर घरी फोन. पण फोनवर पहिलं वाक्य "तुमचा मुलगा नापास होतोय" नको. बऱ्याचदा अर्ज अडकण्याचं कारण आधार बँक खात्याला जोडलेलं नसणं एवढंच असतं, तिथून बोलणं सुरू करा. एका टीजीकडे २० ते २५ च मुलं. साठ दिली की भेटीचं रजिस्टर एका संध्याकाळी एकाच पेनाने भरलं जातं, हे आपण सगळेच जाणतो.

आयक्यूएसी_नवीन
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. फिजिक्सच्या एका तुकडीत ३८ च मुलं आहेत, तिथे २७ टक्के म्हणजे दहाच. चालेल का? आणि प्राचार्य शिक्षकवार सरासरीची क्रमवारी मागताहेत, ४.२१ वर, ४.१७ खाली अशी.

केमिस्ट्री_एचओडी
३८ मध्ये वरचे १९, खालचे १९ असे निम्मे-निम्मे करा. आकडा थोडा बोथट होईल, पण दहा-दहाच्या गटात एका मुलाने भेदकता ०.१ ने हलते. चुकीचे पर्याय मात्र सगळ्या ३८ जणांचे मोजा, त्याला गट लागत नाहीत.

संख्याशास्त्रवाले
क्रमवारी देऊ नका. ३८ पैकी दोन मुलांनी ४ ऐवजी ३ दिले की सरासरी ०.०५ ने घसरते, म्हणजे तुमचा वरचा खाली. आणि गणित-फिजिक्सवाल्यांना कमी, सोप्या ऐच्छिकवाल्यांना जास्त, हे विषयामुळेही होतं. प्राचार्यांना प्रत्येक विषयासाठी किती जणांनी १ किंवा २ दिले आणि मोकळ्या रकान्यात कोणती तक्रार पाचपेक्षा जास्त वेळा आली, एवढं द्या. शिक्षकाला त्याचं स्वतःचं पूर्ण वाटप (१ ते ५ पैकी काय किती जणांनी दिलं) द्या, दुसऱ्याचं नाही.

आणि मुलांना उत्तर द्या. फॉर्म भरल्यापासून तीन आठवड्यांत नोटीस बोर्डावर साध्या मराठीत तीन ओळी : कशाची तक्रार जास्त होती, काय बदललं, काय बदलता येणार नाही आणि का. "सकाळची एसटी ७.५० ला पोचते, म्हणून पहिला तास ७.३० ऐवजी ८.०० ला" एवढी एक ओळ लागली तरी दिवाळीनंतरचा फॉर्म वर्ग आपणहून भरतो. नॅकला कृती अहवाल लागतोच, या ओळी तारखेसह फाइलला लावा.

परीक्षा_विभाग
तास ८ ला नेण्याआधी प्रॅक्टिकलच्या बॅच तपासा. दुपारची बॅच अर्धा तास पुढे गेली तर परतीची शेवटची गाडी चुकते.