मदत हवी आहे: इन्शुरन्स बदलला आणि गोळ्यांचे पैसे पडायला लागले

मैत्रिणींनो, आम्ही न्यू जर्सीत असतो. ह्यांची नोकरी बदलली, तसा इन्शुरन्सही बदलला. गर्भनिरोधक गोळ्यांना आजवर शून्य कोपे होता, म्हणजे आपल्या खिशातून काहीच द्यावं लागत नव्हतं. परवा फार्मसीच्या काउंटरवर पाकीट पुढे सरकवून ४५ डॉलर मागितले! म्हणे, हा ब्रँड नव्या इन्शुरन्सच्या यादीत नाही. यादीतल्या जेनेरिकने माझं डोकं भयंकर दुखतं, ते आधीच करून झालंय.

ओबामाकेअरच्या (इथल्या आरोग्य विमा कायद्याच्या) नियमानुसार डॉक्टरांनी वैद्यकीय गरज लिहून दिली, तर हाच ब्रँड फुकट द्यावा लागतो ना? अशी एक्सेप्शनची, म्हणजे अपवाद म्हणून मंजुरीची, विनंती कोणी केली आहे का? डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घ्यायचं? विनाचिठ्ठीची ओपिल ही गर्भनिरोधक गोळी महिना साधारण २० डॉलरला मिळते, पण तिच्यात नुसतं प्रोजेस्टिन हे एकच हार्मोन. मला पाळीसाठीही माझीच गोळी हवी आहे. पाकीट संपत आलंय, लवकर सांगा गं.