मोठा रिफ्लेक्टर निवडताना

पूर्णाकृती व्यक्तिचित्रांसाठी ११० सेंटिमीटरचा गोल रिफ्लेक्टर (व्यक्तीवर प्रकाश परतवणारा कापडी पडदा) पुरेल का, या प्रश्नाबाबत माझे मत असे की, चेहरा व खांदे टिपण्यासाठी तो उत्तम आहे. मात्र उभ्या व्यक्तीवर डोक्यापासून पायांपर्यंत सारखा प्रकाश हवा असेल, तर साधारण १ × २ मीटरचे आयताकृती पॅनेलच घ्यावे. त्यातही घडी होणाऱ्या तारेच्या चौकटीपेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या जोडनळ्यांची चौकट मला अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यावर कापड ताणलेले राहते. सैल चंदेरी कापडाच्या सुरकुत्यांमुळे गालावर प्रकाशाचे लहान-लहान तुकडे पडतात आणि ते नंतर संपादनात काढणे फार जिकिरीचे असते.

पृष्ठभाग चंदेरी आणि पांढरा असा दुहेरी असावा. थेट उन्हात चंदेरी बाजूने डोळे दिपतात, तेव्हा पांढरी बाजू जवळ आणावी. ढगाळ हवेत मात्र चंदेरीच कामाला येते. सोनेरी मी टाळतो.

वाऱ्याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. एवढे कापड शिडासारखे वारा धरते, म्हणून भक्कम स्टँड, वाळूच्या पिशव्या आणि पॅनेल धरणारा एक सहायक यांची तजवीज हवीच. पॅनेल जमिनीवर न ठेवता बाजूने, छातीच्या उंचीवर धरावे, अन्यथा नाकाची सावली वर चढते.