वरातीचा घोडा: भाव ठिपक्यांना की नजरेला?

खरारा, कोथरूड
पांढऱ्या अंगावर चित्त्यासारखे ठिपके दिसले की भाव चढतो. माझं मत: पांढऱ्यात ठिपके जवळजवळ नसलेला घोडा वरातीला घेऊच नये. या ठिपक्यांमागे एलपी हे जनुक असतं. ते आई आणि बाप दोघांकडून आलं की ठिपके जवळजवळ उरत नाहीत आणि शिंगरू जन्मतःच रातांधळं असतं. दिवसा नजर साफ, त्यामुळे भर उन्हात सौदा करणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि वरात निघते दिवेलागणीनंतर, पुढे ढोल, बाजूला डोळे दिपवणारे दिवे, मधे काळोख.

पंचकल्याणी, हडपसर
रंगावरून निकाल लावू नका, साहेब. राखाडी घोडाही वयानुसार पांढरा होतो. केस ओले करून बाजूला सारा, खाली कातडी काळीच असते. नुकऱ्याची, म्हणजे जन्मतः पांढऱ्या घोड्याची, सरसकट गुलाबी. एलपीचा घोडा ओळखायचा तर नाकपुडी आणि शेपटीखालचा भाग बघा: गुलाबीवर काळी चितकबरी. बुबुळाभोवती माणसासारखं पांढरं, खुरावर उभे पट्टे. मात्र पाय पांढरा असेल तर खुराचा पुरावा धरू नका, त्याचा खूर तसाही फिका असतो. शंका राहिलीच तर आयाळीचे २०-३० केस मुळासकट उपटून जनुक तपासणीला द्या. कापलेले केस चालत नाहीत.

खरारा
खुणा मान्य, पण बाजारात उभं राहून अहवालाची वाट कोण बघणार? घोडा अंधाऱ्या तबेल्यातून चालवून बघा, उंबऱ्याशी अडखळतो का ते दिसेल.

पंचकल्याणी
ओळखीच्या तबेल्यात रातांधळा घोडाही बिनचूक चालतो. जागा नवी हवी. आणि असा घोडा टाकाऊही नाही. दिवसाच्या रपेटीला उत्तम, शिवाय एकरंगी घोडीला लावला तर प्रत्येक शिंगरात एलपीची एकच प्रत येते, म्हणजे एकही रातांधळं नाही. चूक होते ती ठिपकेदार घोडीला ठिपकेदार घोडा लावण्यात. दोघांत एकेक प्रत असेल तर दर शिंगरामागे चारात एक शक्यता रातांधळेपणाची.

नालबंद, खडकी
दोघेही रातांधळेपणावरच थांबलात. एलपीच्या घोड्याला डोळ्याच्या आतल्या वारंवार येणाऱ्या सुजेचाही धोका जास्त, एकच प्रत असली तरी. ही सूज बऱ्याचदा लाली किंवा पाणी न दाखवता आतल्या आत डोळा खाते. बाहुली वेडीवाकडी किंवा भिंग दुधाळ दिसलं, तर ठिपके कितीही देखणे असोत, पशुवैद्याने डोळा तपासल्याशिवाय विसार देऊ नका.