उशी टाचेखाली हवी

गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतर दुखण्याची गोळी अगदी असह्य झाल्यावरच घ्यावी, नाहीतर सवय लागते, असं इथे कुणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. आईचा गुडघा बदलला तेव्हा पहिले चार दिवस आम्ही हेच केलं. फिजिओ लालबागचे तीन जिने चढून यायचे आणि ती पायाला हात लावू द्यायची नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायला लागलो, तेव्हा कुठे पाय वाकायला लागला.

उशीचं मात्र कुणीच लिहिलं नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण पाय तसाच वाकडा आखडतो. आई रात्री हळूच सरकवून घ्यायची, मी काढून टाचेखाली ठेवायचे. आणि पोटरी दुखून सुजली तर चोळत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.