जुना रिसीव्हर बदलायचाय, स्पीकर तेच ठेवायचेत: नवा कोणता घ्यावा?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. होम थिएटरच्या ५.१ सेटअपचा (पाच स्पीकर आणि जड आवाजाचा सबवूफर, म्हणजे ‘सब’) रिसीव्हर, म्हणजे सगळ्या जोडण्या घेऊन स्पीकर वाजवणारा डबा, बदलायचा आहे, जाणकारांचं मत हवंय. आत्ताचा २०१२ चा आहे. त्याच्या एचडीएमआयवर ना चित्र येत ना आवाज. टीव्हीतून ऑप्टिकल वायर लावली की पाचही स्पीकर आणि सब व्यवस्थित वाजतात. रिपेअरवाला म्हणतो एचडीएमआय बोर्ड गेलाय आणि तो आता मिळत नाही.

पुढे दोन बुकशेल्फ आहेत (६ ओहम, ८७ डीबी), त्याच मालिकेतला सेंटर, मागच्या भिंतीवर दोन छोटे सराउंड (८ ओहम) आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला १० इंची सब. टीव्ही ५५ इंची, ई-आर्कवाला (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय, साधा आर्क ही तिची जुनी आवृत्ती). पीएस५, ब्लू-रे प्लेअर आणि केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडायचाय. हॉल ११ बाय १६ फूट, सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर. टीव्ही युनिटमधला खण ४० सेंमी खोल आणि १८ सेंमी उंच आहे.

८० वॉटचा पुरेल की १०० चा बघू? ५.२ घ्यावा की ७.२ (सात स्पीकर आणि दोन सबची सोय)? लॅमिंग्टन रोडला एक जण बाहेरून आलेला सेट बराच स्वस्त देतोय, त्याचं काय करावं?

तार_आणि_तांबे

वॉटचा प्रश्न आधी मिटवू, कारण त्यापायी लोक नको तिथे पैसे घालतात. ८० आणि १०० वॉटमध्ये फरक फक्त १ डीबीचा. कानाला तो जेमतेम कळतो. आवाज ३ डीबीने वाढवायचा तर पॉवर दुप्पट लागते. तुमचे स्पीकर ८७ डीबीचे, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८७. सोफा ९ फुटांवर म्हणजे साधारण २.७ मीटर, तिथपर्यंत साडेआठ डीबी कमी होतात. १६ वॉट दिले की एका स्पीकरचा आवाज सोफ्यावर ९० डीबीच्या आसपास पोचतो, आणि ११ बाय १६ च्या हॉलमध्ये भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच. खालचा जड भाग तर सब स्वतःच्या पॉवरवर वाजवतो.

खोक्यावरचा आकडा वाचताना अट वाचा. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८% डिस्टॉर्शन’ हा खरा आकडा. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल, १०% डिस्टॉर्शन’ असं असेल तर तोच रिसीव्हर कागदावर दीडपट-दुप्पट ताकदीचा दिसतो. दोन मॉडेलची तुलना एकाच अटीवर करा.

आता जोडण्या. रिसीव्हर निवडताना खरं लक्ष इथे हवं.

ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला लावा. डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (पूर्ण दर्जाच्या आवाजाचे फॉरमॅट) साध्या आर्कवरून जात नाही, त्याला ई-आर्क लागतो. शिवाय टीव्ही डीटीएस पुढे पाठवेलच असं नाही. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस काढलंय, एलजीच्या मधल्या काही वर्षांच्या मॉडेलमध्येही नाही. प्लेअर थेट लावला की हा प्रश्नच येत नाही.

पीएस५ ला ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर रिसीव्हरचं इनपुट एचडीएमआय २.१ चं, निदान ३२ जीबीपीएसचं हवं. जुनं २.० म्हणजे १८ जीबीपीएस, त्यावर ४के ६० पर्यंतच. ‘८के’ लिहिलेलं असलं तरी सगळीच इनपुट तशी नसतात, मागच्या बाजूचा फोटो मोठा करून बघा. पीएस५ सरळ टीव्हीला लावून आवाज ई-आर्कने रिसीव्हरकडे आणणंही चालतं. पण बऱ्याच टीव्हींत २.१ ची दोनच पोर्ट असतात आणि त्यातलंच एक ई-आर्कचं असतं, म्हणजे हातात एकच उरतं.

नेटफ्लिक्स, प्राइमसारख्या अ‍ॅपमधला अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो, तो साध्या आर्कवरही जातो. ऑप्टिकलवर मात्र साधं डॉल्बी डिजिटल ५.१, त्यापुढे नाही.

मॉडेलचं बोलायचं तर तुमच्यासाठी मी डेनॉन एव्हीआर-एक्स१८००एच म्हणेन. ७.२ चॅनल, ८ ओहमला ८० वॉट, सहा एचडीएमआय इनपुट आणि त्यातली तीन ८के. सोबत ऑडिसी मल्टइक्यू एक्सटी (मायक्रोफोनने खोली मोजून स्पीकर जुळवणारी सोय). ऑन्क्यो टीएक्स-एनआर६१०० हा त्याच्या तोडीचा, १०० वॉटचा, त्यालाही तीन ८के इनपुट आहेत. यामाहा आरएक्स-व्ही४ए आवाजाला छान आहे, पण तो ५.२ चा आणि अ‍ॅटमॉस डिकोड करत नाही. वर दोन स्पीकर कधीच लावायचे नसतील तरच तो. डेनॉनचा एक्स३८००एच सगळ्या प्री-आउटसह (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी टर्मिनलं) येतो, पण वेगळे पॉवर अ‍ॅम्प जोडायचा विचार नसेल तर या हॉलला त्याची गरज नाही.

घाई मात्र करू नका. जुन्याचा अ‍ॅम्प शाबूत आहे, ऑप्टिकलवर तो चालू ठेवा. पीएस५ टीव्हीला लावून त्यात ऑडिओ फॉरमॅट लिनिअर पीसीएमऐवजी डॉल्बी करा, नाहीतर ऑप्टिकलवर दोनच चॅनल जातात. नवा रिसीव्हर आला की ते परत लिनिअर पीसीएमवर आणा.

गिरगाव_४

बाहेरून आलेला सेट घेऊ नका. अमेरिकेतला असेल तर मागच्या पट्टीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं. आपल्या २३० ला थेट लावला तर सप्लाय तत्काळ जाईल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर रिसीव्हर पूर्ण ताणावर जितके वॉट खेचतो त्याहून मोठा हवा, म्हणजे किमान १००० व्हीए. तो जड असतो, गरम होतो, गुणगुणतो. वर इथे वॉरंटी नाही. बिलावर भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं नाव आणि सेटचा सीरियल नंबर आहे का, एवढं बघूनच पैसे द्या.

सेकंडहँड बघत असाल तर एक लक्षात ठेवा. २०२० च्या शेवटी आलेल्या पहिल्या ८के रिसीव्हरपैकी काहींच्या एचडीएमआय चिपमध्ये दोष होता. एक्सबॉक्स सीरीज एक्स किंवा आरटीएक्स ३० मालिकेच्या ग्राफिक्स कार्डवरून ४के १२० दिलं की पडदा काळा व्हायचा. हे सॉफ्टवेअर अपडेटने सुटणारं नव्हतं, कंपन्यांना वेगळा अ‍ॅडॅप्टर द्यावा लागला किंवा बोर्ड बदलावा लागला.

तुमच्या खणाची मला जास्त काळजी वाटते. एक्स१८००एच ची उंची १५.१ सेंमी. १८ च्या खणात वर तीन सेंमीसुद्धा राहत नाहीत. वायफायचे अँटेना उभे केले तर उंची २१ च्या वर जाते, ते आडवेच ठेवावे लागतील. रिसीव्हरची उष्णता वरच्या जाळीतून निघते. मुंबईच्या मे महिन्यात बंद खणात तो संरक्षण मोडमध्ये जाऊ शकतो, म्हणजे आपोआप बंद पडू शकतो, किंवा रोज तापून आतले कपॅसिटर आणि एचडीएमआय बोर्ड लवकर मरतील. तुमच्या जुन्या बोर्डाचंही बहुधा हेच झालं असावं. युनिटच्या वर मोकळ्यावर ठेवा. तसं जमत नसेल तर सुताराकडून मागची प्लायची फळी काढून घ्या आणि वरची फळी सरकवून किमान १० सेंमी जागा करा. खोली ३४ सेंमी धरा, मागे एचडीएमआयच्या प्लगला ५-६ सेंमी लागतात. ४० मध्ये जेमतेम बसेल, कडक जाड केबल घेतली तर नाही.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्पीकरच्या वायरीची उघडी टोकं दर पावसाळ्यानंतर तपासावीत. तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवं टोक सोला. वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. टोक पात्याने खरवडून बघा, आतून पांढरी दिसली तर परत करा.

बोरिवली_हॉल

यातच विचारतो. आमच्याकडे डीव्हीडीवाला खोक्यातला ५.१ होम थिएटर आहे, युनिट बंद पडलंय, स्पीकर चांगले आहेत. त्या स्पीकरना नवा रिसीव्हर लावता येईल का?

तार_आणि_तांबे

बोरिवली_हॉल, आधी स्पीकरच्या मागचं लेबल वाचा. तशा सेटचे स्पीकर बहुधा ३ ओहमचे असतात. रिसीव्हरच्या टर्मिनलशेजारी ४-१६ किंवा ६-१६ ओहम छापलेलं असतं. ३ ओहमला करंट जास्त जातो, आवाज वाढवला की सेट बंद पडून लाल दिवा लुकलुकतो. कमी आवाजात चालेलही, पण मी तो सल्ला देणार नाही. दुसरी अडचण सबची. त्या सेटच्या सबमध्ये अ‍ॅम्प नसतो, नुसता स्पीकर असतो. रिसीव्हरचं सब आउट हे लाइन सिग्नलचं, त्याने तो सब वाजणारच नाही. पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर रिसीव्हर आणि पुढचे दोन बुकशेल्फ आधी घ्या, मग सेंटर, मग पॉवर्ड सब.

मुलुंडकर

फार मोलाची माहिती. युनिटच्या वरच ठेवतो. ७.२ घेतला तर वरचे दोन स्पीकर कसे करायचे? स्लॅबला भोकं पाडायची नाहीत. आणखी एक, सेट-टॉप बॉक्स लावला की जुन्या रिसीव्हरवर सबमधून हूं आवाज येतो, तो नव्यावरही येईल का?

ऐकू_आनंदे

वर आवाज फेकणारे अ‍ॅटमॉस मोड्युल पुढच्या बुकशेल्फवर ठेवता येतात. त्यांना छत सपाट, कडक आणि साधारण साडेसात ते १४ फुटांच्या मधलं हवं. पीओपीचं नक्षीकाम किंवा पंखा नेमका त्या वाटेत असेल तर परिणाम विरतो. त्याऐवजी छताला लागून भिंतीवर कंसाने दोन छोटे स्पीकर लावा आणि मेनूत त्यांना ‘फ्रंट हाइट’ सांगा. स्लॅबला हातही लावायला नको.

हूं आवाज बहुधा केबलच्या कोअ‍ॅक्सवरून (बॉक्सला येणाऱ्या जाड गोल वायरीवरून) येतो. तिचं अर्थिंग वेगळ्या जागी, तुमच्या सबचं वेगळ्या, आणि त्या फरकाचा करंट ऑडिओ वायरीतून फिरतो. सगळं चालू ठेवून फक्त कोअ‍ॅक्स स्क्रू काढून सोडवा. हूं थांबला तर कारण तेच, आणि नव्या रिसीव्हरवरही तो येईल. केबलच्या लाइनवर कोअ‍ॅक्स आयसोलेटर लावा. डिश असेल तर साधा आयसोलेटर चालत नाही, कारण त्याच वायरीतून डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३/१८ व्होल्ट जातात. तिथे रिसीव्हर, सब, टीव्ही आणि बॉक्स एकाच बोर्डावरून घेऊन बघा. सबच्या प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका, शॉक बसेल.

जुन्या इमारतीत इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्ट ठीक. दहा-वीस असेल तर अर्थिंग नावापुरतंच आहे, आणि मग कितीही महाग स्पाइक गार्ड लावला तरी विजेचा झटका अर्थकडे जाणार नाही. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की मुख्य प्लग आणि कोअ‍ॅक्स दोन्ही काढा, झटका बरेचदा कोअ‍ॅक्सवरून येऊन एचडीएमआय बोर्डच नेतो.

जोडणी झाल्यावर टीव्हीतलं सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणं एकमेकांना सूचना देतात ती सोय) चालू करा, आर्क त्याच्यावर चालतो. एलजीत त्याला सिंपलिंक म्हणतात, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस. मग ई-आर्क ‘ऑटो’ आणि डिजिटल आउटपुट ‘पास-थ्रू’.

ऑडिसी लावताना पंखे आणि एसी बंद, खिडक्या बंद. मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, स्टँडवर कानाच्या उंचीला धरा. पहिली जागा मधल्या बैठकीची, बाकीच्या तिच्या आजूबाजूला दीड-दोन फुटांत, जमेल तर आठही घ्या. सबच्या मागचं लो-पास बटण सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, व्हॉल्यूम अर्ध्यावर. झाल्यावर मेनू उघडून बघा: बुकशेल्फला त्याने ‘लार्ज’ ठरवलं असेल तर हाताने ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ द्या. मागच्या छोट्या सराउंडना १०० किंवा १२०. एखाद्या स्पीकरला ‘फेज’ची सूचना आली तर लाल-काळी उलटी लागली आहे का ते तपासा. बरोबर असेल तर ‘स्किप’ करून पुढे जा, काही स्पीकरच्या आतल्या क्रॉसओव्हर सर्किटमुळेही ती सूचना येते.