उन्हाळा, मुंबईची घरं आणि फुलपाखरांची सजावट: तुमचे अनुभव लिहा

चैत्र लागला की आमच्याकडे जाड पडदे माळ्यावर जातात. यंदा लेकीच्या हट्टाने हॉलमध्ये फुलपाखरं आली. दुकानातले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला हवंय ते तुमच्या भिंतीचं. दमट हवा, पश्चिमेचं ऊन, दिवसभर गरगरणारा पंखा, यात काय टिकलं?

माझंच आधी सांगते. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून प्लास्टिकची, पंख उचललेली फुलपाखरं आणली. मागे डबल टेप असतो. हॉलला प्लास्टिक पेंट आहे, तिथली अजून जागेवर आहेत. आतल्या खोलीत साधं डिस्टेंपर आहे. तिथे टेपला रंगाची भुकटी लागते आणि रात्री टप टप आवाज सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्यावर पंख हलतात तेव्हा मात्र पैसे वसूल.

चैत्रगौर, गिरगाव
आमची चाळ, चुन्याच्या भिंती. तिथे टेप चिकटायचा प्रश्नच नाही, सगळं टांगायचं. गौरीच्या आरासेला संक्रांतीच्या उरलेल्या पतंगांची फुलपाखरं केली. पतंगाचा कागद इतका हलका की खिडकीतून नुसती झुळूक आली तरी हलतो. पोटाला वाळक्या शेंगा, मिशांना झाडूच्या काड्या. सासूबाई आधी नाराज होत्या: "गौरीमागे किडे कशाला?" मी म्हटलं, कलिंगडाचं कमळ चालतं, काकडीची मगर चालते, मग यांनीच काय पाप केलंय! हळदीकुंकवाच्या दिवशी पंखा पाचवर गेला आणि सगळे दोरे एकमेकांत अडकले. पंखा दोनवर आणला तर बायका पदराने वारा घेत बसल्या. पन्हं आणि आंब्याची डाळ होती म्हणून कोणी उठून गेलं नाही. अक्षय्य तृतीयेपर्यंत आरास टिकली. पुढच्या वर्षी सुतळीऐवजी मासेमारीची तंगूस वापरणार, ती गुंतत नाही म्हणतात.

भाडेकरू, अंधेरी
मालक खिळा ठोकू देत नाहीत. फ्रिजवर चार मॅग्नेट. झाली सजावट.

कढीपत्तावाली, बोरिवली
धागा सजावटीचा आहे, तरी लिहिते. माझ्या ग्रिलमध्ये लिंबू, कढीपत्ता आणि पानफुटी आहे. कढीपत्त्यावर अळ्या येतात. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. फोडणीला पानं उरत नाहीत, ही तक्रार घरचे रोज करतात. पानफुटीच्या जाड पानात वेगळीच अळी शिरते आणि पान आतून पोखरते. त्यातून निघणारं फुलपाखरू पांढरं, काळ्या ठिपक्यांचं, मागच्या पंखांवर नारिंगी. औषध मारलंत तर हे काही दिसणार नाही.

सजावटीचं म्हणाल तर आम्ही विकत काहीच आणलं नाही. मुलाने कुंड्यांवर ब्लू मॉर्मन रंगवलं, मराठीत नीलवंत. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. पंखांचा विस्तार १५ सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणून खऱ्या मापाचं चित्र काढायला कुंडी मोठीच लागते. काळ्यावर निळा रंग उन्हात लवकर उडतो, वरून वॉर्निशचा हात द्या.

शिवणकाम, परळ
पडदे शिवते म्हणून सांगते. फुलपाखरांचे चकचकीत सॅटिनचे पडदे गिऱ्हाइकं हौसेने आणतात आणि मे महिन्यात परत येतात. खोली कोंदट होते. मंगलदास मार्केटमध्ये सुती छापील कापड मिळतं, तेच घ्या. शिवायच्या आधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा वीतभर वर जाईल. नक्षी लहान घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत मोठाली फुलपाखरं अंगावर येतात.

जुना वाचक, दादर
काचेच्या चौकटीतली खरी, मेलेली फुलपाखरं कोणी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कित्येक जातींना संरक्षण आहे. विकणारा जात कुठली ते सांगत नाही आणि आपल्याला ओळखता येत नाही. खरीच बघायची तर घोडबंदर रोडची ओवळेकर वाडी आहे, ठाण्यापर्यंत जायची तयारी ठेवा.

नवीन सून, मुलुंड
लोहार चाळीतून फुलपाखरांच्या दिव्यांची माळ आणली, छान दिसते. एक विचारायचं होतं. भिंतीवरच्या उचललेल्या पंखांमागे पाल बसते का? सासऱ्यांना पालीची भीती आहे.

धागाकर्ती
बसते. दिव्याजवळ किडे येतात, किड्यांमागे ती. माळ आणि फुलपाखरं वेगवेगळ्या भिंतींवर लावा. आणि काढायची झाली तर ओढू नका, हेअर ड्रायरने टेप गरम करा. नाहीतर रंगाचा पापुद्रा सोबत येतो.

चैत्रगौर, गिरगाव
टांगलेल्या फुलपाखरांवर पाल बसत नाही. सासऱ्यांना सांगा.